डीप फ्रीझर घेतल्यापासून वीजबिल चढतंच आहे? दोष कुठे आणि कोणत्या क्रमाने शोधायचा

तक्रार बहुतेक वेळा अशीच येते. ‘दुकानदार म्हणाला होता महिन्याला तीनशे रुपये येतील, आमचं बिल तर सात-आठशेने वाढलंय. मेकॅनिकला बोलावलं, तो म्हणतो फ्रीझर एकदम ओके आहे.’ मग कुणी नवा स्टॅबिलायझर बसवतं, कुणी रात्री फ्रीझर बंद ठेवायला लागतं, कुणी गॅस भरून घेतं. दोन महिने बरे जातात आणि तिसऱ्या महिन्याला बिल पुन्हा तिथेच.

गंमत अशी की दुकानदार आणि मेकॅनिक दोघंही खरं बोलत असू शकतात. फ्रीझर किती युनिट घेतो आणि त्या युनिटांना तुमच्या घरी कोणता दर लागतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बहुतेक जण ते एकत्र कालवतात, म्हणून दोष सापडत नाही. आधी युनिट मोजायचे, मग दर पाहायचा आणि शेवटी मशीनला हात लावायचा. हा क्रम उलटा केला की खर्च मेकॅनिकवर होतो आणि बिल जागच्या जागी राहतं.

युनिट मोजा, अंदाज करू नका

मागच्या पाटीवर लिहिलेले वॅट किंवा अँपियर पाहून हिशेब करू नका. १२० वॅटचा फ्रीझर चोवीस तास १२० वॅट घेत नाही. कंप्रेसर थोडा वेळ चालतो, थांबतो, पुन्हा चालतो. बिल ठरतं ते या चालण्या-थांबण्याच्या प्रमाणावर. १२५ वॅटचा कंप्रेसर दिवसातला ४५ टक्के वेळ चालला तर रोजचे सव्वा ते दीड युनिट, म्हणजे महिन्याला साधारण ४०. तोच कंप्रेसर थांबेचना झाला तर रोजचे ३ युनिट, महिन्याला ९०. पाटी दोन्ही वेळा तेच सांगणार.

सगळ्यात सोपं साधन म्हणजे प्लगमध्ये लावायचं छोटं वॅटमीटर किंवा वीज मोजणारा १६ अँपियरचा स्मार्ट प्लग. फ्रीझर त्यातून चालवा आणि किमान दोन-तीन पूर्ण दिवस नोंद ठेवा, त्यातला एक दिवस नेहमीसारखी उघडझाप होणारा असू द्या. तासाभराचा आकडा बघून निष्कर्ष काढू नका, कारण तो तास कंप्रेसरच्या चालण्यात सापडला की थांबण्यात, यावर सगळं फिरतं.

असं यंत्र नसेल तर घरचं मीटर आहेच. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकणार हे मीटरच्या तोंडावरच छापलेलं असतं: १६००, ३२००, ६४०० असा काहीतरी आकडा. घरातलं बाकी सगळं बंद करा. वायफायचा राउटर, टीव्हीचा सेटटॉप बॉक्स, इन्व्हर्टरचं चार्जिंग आणि नेहमीचा फ्रिजसुद्धा. फक्त फ्रीझर चालू ठेवा. ३२०० चं मीटर असेल तर दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा आणि ११२५ ला त्या सेकंदांनी भागा. उत्तर वॅटमध्ये येतं. नऊ सेकंदांनी दिवा लागला तर १२५ वॅट. १६०० चं मीटर असेल तर २२५० ला भागायचं. यातून चालू कंप्रेसरचे वॅट कळतात. किती वेळ चालतो आणि किती वेळ थांबतो ते घड्याळ लावून बघा, दुपारी एकदा आणि रात्री एकदा.

घरचे सगळे दोन दिवस गावाला जाणार असतील तर याहून चांगली संधी नाही. फ्रीझर सोडून सगळं बंद करा, निघताना मीटरच्या आकड्याचा फोटो काढा, आल्यावर दुसरा काढा. वजाबाकी केली की झाकण न उघडता तुमचा फ्रीझर किती खातो ते समजतं. त्याच्या वर जे काही जातं ते तुमच्या वापराचं.

आता तुलना कशाशी करायची? माझा ढोबळ ठोकताळा असा: दोनशे लिटरच्या आसपासचा, वरून उघडणारा, धडधाकट फ्रीझर आपल्या हवेत रोज १ ते दीड युनिट घेतो. तीनशे लिटरचा दीड ते सव्वादोन. यापेक्षा थोडं वरखाली चालेल. दोनशे लिटरचा फ्रीझर रोज अडीच-तीन युनिट घेत असेल तर मात्र कुठेतरी गळती आहे, थंडाव्याची किंवा गॅसची.

एक अपवाद आधीच सांगून ठेवतो. आइस्क्रीमच्या दुकानातून जुना, काचेच्या सरकत्या झाकणाचा फ्रीझर स्वस्तात मिळतो म्हणून घरी आणला असेल, तर वरचा ठोकताळा विसरा. काच उष्णता अडवत नाही, आणि ते झाकण गिऱ्हाइकाला माल दिसावा म्हणून केलेलं असतं, वीज वाचावी म्हणून नाही. तो जास्त वीज खाणारच. त्यात बिघाड शोधत बसू नका.

दर: फ्रीझरचे युनिट वरच्या पायरीवर बसतात

युनिट ठीक निघाले, महिन्याला चाळीसच आहेत, तरीही बिल सात-आठशेने वाढलंय? मग उत्तर बिलाच्या मागच्या बाजूला आहे.

महावितरणच्या घरगुती दराच्या चार पायऱ्या आहेत: १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. २०२४-२५ चे दर उदाहरणाला घेऊ. वीज आकार आणि वहन आकार (वीज तारांवरून घरापर्यंत आणण्याचा) मिळून पहिल्या पायरीला युनिटमागे ५.८८ रुपये, दुसरीला ११.४६ आणि तिसरीला १५.७२. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलतो, तो इथे सोडून देऊ. दर बदलत राहतात, तेव्हा तुमच्या ताज्या बिलावरचे आकडे घालून हाच हिशेब करा. मुंबईत बेस्ट, टाटा किंवा अदानीचं कनेक्शन असेल तर दर वेगळे, पण पायऱ्यांचा खेळ तसाच.

दिवे, पंखे, फ्रिज, गीझर हे घरात आधीपासून आहेत. फ्रीझर नंतर आला. त्याचे चाळीस युनिट बाकीच्यांच्या वर रचले जातात. म्हणजे तुमचं घर आधीच ज्या पायरीवर उभं आहे, त्या पायरीचा दर फ्रीझरला लागतो. घराचा सरासरी दर काढून त्याने गुणलं की आकडा चुकतो, आणि दुकानदार तर बहुतेक वेळा पहिल्याच पायरीचा दर धरून सांगतो.

महिन्याला १९० युनिटच्या घरात फ्रीझरचे ४० युनिट आले तर २३० होतात. सगळे ४० दुसऱ्या पायरीत, शुल्कासह सुमारे ५३० रुपये. २८० युनिटच्या घरात २० दुसऱ्या पायरीत आणि २० तिसऱ्या, साधारण ६३० रुपये. ३५० युनिटच्या घरात सगळे तिसऱ्यात, ७३० रुपये. आणि चाळीसही युनिट पहिल्या पायरीत मावणारं घर असेल तर फक्त २७५ रुपये. फ्रीझर तोच, कंपनी तीच, युनिट तेवढेच. दुकानदाराचे तीनशे या शेवटच्या घराचे होते.

यातून दुसरी गोष्ट निघते. बिघडलेला फ्रीझर जेवढे जास्त युनिट खातो, तेही सगळे वरच्या दरानेच जातात. २८० युनिटच्या त्याच घरात फ्रीझर ४० ऐवजी ९० युनिट घ्यायला लागला, तर त्याचा खर्च ६३० वरून साधारण १,५४० वर जातो. युनिट सव्वादोन पट, पैसे जवळजवळ अडीच पट. म्हणून तिसऱ्या पायरीवरच्या घराने गॅस्केटसारख्या फुटकळ दुरुस्तीत चालढकल करू नये. पहिल्या पायरीतल्या घराला तेवढी घाई नाही.

उलट बाजूही बघा. फ्रीझरचे युनिट कमी करता येत नसतील तर घरातल्या दुसऱ्या कशाचे तरी कमी केल्यानेही तेवढेच पैसे वाचतात, कारण वाचणारा युनिट वरच्याच पायरीवरून वाचतो. गीझरचे वीस युनिट कमी झाले काय किंवा फ्रीझरचे, बिलाला दोन्ही सारखेच. फ्रीझर नवा आला म्हणून संशय त्याच्यावर जातो. खरा खादाड कधी पाण्याची गळकी मोटर असते, कधी म्हातारी बॅटरी दिवसभर चार्ज करत बसलेला इन्व्हर्टर.

बिलातच घोळ नाही ना, तेही पाहून घ्या. चालू रीडिंग आणि मागील रीडिंग हे दोन्ही आकडे खरे आहेत की सरासरीने बिल लागलंय? मीटर कुलूपबंद होतं किंवा रीडिंग मिळालं नाही, तर एक महिना सरासरीचं बिल येतं आणि पुढच्या खऱ्या रीडिंगला मागचा अनुशेष एकदम अंगावर येतो. असं झालं असेल तर जमलेले युनिट दोन महिन्यांत विभागून पायऱ्यांचा लाभ दिलाय का, ते तपासा. दिला नसेल तर मीटरचा फोटो जोडून अर्ज करा. यात फ्रीझरचा काहीच दोष नसतो. दर महिन्याच्या एका ठरावीक तारखेला मीटरचा फोटो काढून ठेवायची सवय लावली तर हा वाद पाच मिनिटांत मिटतो.

युनिटच जास्त निघाले तर

आता मशीनकडे वळू. पहिला प्रश्न एकच: कंप्रेसर थांबतो का?

इन्व्हर्टर कंप्रेसर (गरजेप्रमाणे गती कमी-जास्त करणारा) असेल तर तो हळू गतीने बराच वेळ चालत राहतो, तो त्याचा स्वभाव आहे. तिथे फक्त दिवसाचे युनिट पाहा. साधा कंप्रेसर मात्र थांबायला हवा. दिवसातला निम्मा वेळ चालणं ठीक, कडक उन्हाळ्यात पाऊण वेळ चालला तरी समजण्यासारखं. पहाटेच्या गारव्यात, झाकण रात्रभर बंद असूनही तो अखंड घुंघुं करत असेल तर काहीतरी अडलंय.

मेकॅनिकला फोन करण्याआधी दोन फुकटच्या गोष्टी बघा. पहिली, जलद गोठवण्याचं बटण. अनेक मॉडेलवर हे बटण दाबलं की पिवळा दिवा लागतो आणि ते बंद करेपर्यंत कंप्रेसर थांबतच नाही. माल भरताना कुणीतरी दाबलेलं असतं आणि मग ते तसंच राहतं. दुसरी, थर्मोस्टॅटचा नॉब. त्यावरचे १ ते ७ हे अंश नव्हेत, आकडा जितका मोठा तितकी थंडी जास्त. ‘माल चांगला राहावा म्हणून’ तो ७ वर नेऊन ठेवलेला असतो. आत एक थर्मामीटर ठेवा, पाकिटांच्या मधोमध. घरगुती साठवणीला उणे १८ अंश पुरतात. उणे २४ वर नेऊन मासे किंवा मटार काही विशेष जास्त टिकत नाहीत आणि बिल मात्र वाढतं. बाहेर ३२ अंश असताना उणे १८ म्हणजे आत-बाहेरचा फरक ५० अंशांचा, उणे २४ म्हणजे ५६. भिंतीतून आत शिरणारी उष्णता तिथेच १२ टक्क्यांनी वाढली. त्यात कंप्रेसरलाही खोल थंडी करताना जास्त कष्ट पडतात, तो भुर्दंड वेगळा.

हे दोन्ही ठीक असेल तर फ्रीझरच्या बाहेरच्या बाजूंना हात लावा. वरून उघडणाऱ्या बहुतेक फ्रीझरमध्ये उष्णता बाहेर टाकणारी नळी बाजूच्या पत्र्याच्या आतून फिरवलेली असते. कंप्रेसर चालू असताना तो पत्रा चांगला कोमट-गरम लागला पाहिजे. लोक यालाच घाबरतात आणि ‘बॉडी तापतेय’ म्हणून तक्रार करतात. ते योग्यच आहे. काळजी करायची ती उलट परिस्थितीत. कंप्रेसर अर्धा तास चालू आहे, पत्रा गारच आहे, आणि आत बर्फ फक्त एका कोपऱ्यात, बाकी भिंती कोरड्या: ही गॅस कमी झाल्याची खूण. असा फ्रीझर दिवसभर चालतो, वीज घेतो आणि थंडी मात्र करत नाही.

इथेच ‘पुन्हा पुन्हा’चं मूळ असतं. फ्रीझरमधला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळला. गळती न शोधता नुसतं चार्जिंग करून गेलेला मेकॅनिक पुढच्या हंगामात पुन्हा येणारच. गळती शोधून जोड पक्का करणं, फिल्टर-ड्रायर (नळीतली ओल शोषणारी डबी) बदलणं, व्हॅक्यूम पंपाने नळीतली हवा आणि ओल काढणं आणि मग वजन करून गॅस भरणं, असं काम करून घ्या. ओल राहिली तर कॅपिलरी, म्हणजे गॅसची केसासारखी बारीक नळी, अधूनमधून तुंबते, आणि मग फ्रीझर दोन दिवस छान, दोन दिवस नाही असा छळ सुरू होतो. नव्या फ्रीझरमध्ये बहुधा आर-६००ए किंवा आर-२९० गॅस असतो. दोन्ही पेटणारे आहेत. त्याचं काम घरच्या घरी किंवा ‘सगळे गॅस सारखेच’ म्हणणाऱ्याकडून अजिबात करून घेऊ नका.

बाजूच्या पत्र्याचीच दुसरी गोष्ट. त्याला मोकळी हवा हवी. भिंतीपासून चारही बाजूंनी वीतभर नाही तरी चार बोटं अंतर ठेवाच. आपल्याकडे फ्रीझर स्टोअररूममध्ये जातो, एका बाजूला तांदळाचं पोतं टेकतं, दुसरीकडे गॅस सिलिंडर, आणि धूळ नको म्हणून अंगावर जाड कव्हर. म्हणजे ज्या पत्र्यातून उष्णता बाहेर पडायची त्यालाच आपण गोधडी पांघरतो. झाकणावर कापड टाकायला हरकत नाही, बाजू उघड्या ठेवा. काही मॉडेलमध्ये नळी बाजूला नसते, खाली पंखा आणि जाळी असते. तिथे जाळीत धूळ, केस आणि पिठाचा थर बसतो. प्लग काढून मऊ ब्रशने साफ करा.

बर्फ आणि गॅस्केट

गॅस ठीक, सेटिंग ठीक, जागा ठीक, तरीही युनिट जास्त असतील तर संशय झाकणावर. कोकणात, मुंबईत आणि गोव्यात मी तर सुरुवातच इथून करीन, कारण पावसाळ्यातली दमट हवा हा फ्रीझरचा मोठा शत्रू.

झाकणाची रबरी पट्टी, म्हणजे गॅस्केट, जिथे नीट बसत नाही तिथून बाहेरची ओलसर हवा आत जाते आणि तिचा भिंतीवर बर्फ होतो. त्यामुळे बर्फाची जागाच गळती दाखवते. सगळीकडे सारखा पातळ थर असेल तर तो रोजच्या उघडझापीचा. एकाच कडेला, झाकणाच्या लगत जाड ढेकूळ असेल तर त्याच्या वरची पट्टी सैल आहे. खात्री करायची तर झाकणात दहाची नोट धरून बंद करा आणि ओढा. अडकत अडकत आली पाहिजे, सहज निसटली तर तिथे फट. चारही बाजूंनी असं करा. छोटा टॉर्च आत पेटवून ठेवून रात्री अंधारात झाकणाच्या कडेने प्रकाश दिसतो का तेही बघता येतं.

पट्टी नेहमी बदलावीच लागते असं नाही. पुष्कळदा तिच्या घडीत मटाराची सालं, पीठ, माशाच्या पाण्याचा चिकटा अडकलेला असतो. कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करा. कडक होऊन वाकडी झाली असेल तर केस वाळवायच्या ड्रायरने थोडी गरम करून हाताने आकार द्या आणि झाकण काही तास दाबून ठेवा. फाटलीच असेल तर बदला, हा खर्च लवकर भरून निघतो. बिजागरी ढिली होऊन झाकण तिरकं बसतंय का, हेही बघा. आणि एक अगदी साधं कारण: आत माल इतका कोंबलाय की वरचं पाकीट झाकणाला लागतंय.

आतल्या भिंतीवर अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त बर्फ साचला की तो काढायचा. थंडी देणारी नळी भिंतीत आहे आणि बर्फ तिच्या आणि मालाच्या मध्ये येतो. थर जाड झाला की कंप्रेसरला जास्त वेळ चालावं लागतं. काढताना प्लग काढा, माल गोधडीत किंवा थर्माकोलच्या खोक्यात ठेवा, आत गरम पाण्याचं पातेलं ठेवून झाकण थोडा वेळ बंद करा, मग खालचं बूच काढून पाणी जाऊ द्या. सुरी, पेचकस, उलथणं लावून बर्फ खरवडायचा नाही. नळीला बारीकसं भोक पडलं की गॅस गेला, आणि भिंतीत कोंडलेल्या नळीची दुरुस्ती कित्येकदा परवडतच नाही.

बर्फ दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा साचत असेल आणि पट्टी ठीक असेल, तर आत काय जातंय ते पाहा. गणपतीच्या ऑर्डरसाठी उकडीचे मोदक वाफाळते असतानाच डब्यात घालून ठेवले, तर ती वाफ भिंतीवर जाऊन बसते. पंख्याखाली गार करा, मग फ्रिजमध्ये, मग फ्रीझरमध्ये. मटार उकळत्या पाण्यातून काढल्यावर गार पाण्यात टाकून नीट निथळा. मासे पाण्यासकट पिशवीत भरू नका.

एक गैरसमज इथेच दूर करतो. भरपूर माल गोठवला म्हणून बिल चढलं असं लोकांना वाटतं. एक किलो पाणी ३० अंशांवरून उणे १८ पर्यंत नेऊन गोठवायला साधारण ०.१ युनिट लागतो. म्हणजे दहा किलो मटाराला फार तर एक युनिट, वरच्या दरानेही वीसेक रुपयांच्या आत. गोठवण्याचा खर्च एकदाच आणि किरकोळ. महाग पडतं ते गोठलेलं महिनोन्‌महिने तसंच राखणं. म्हणून दिवाळीपासून तळाशी पडलेली, कशाची ते कुणालाच आठवत नाही अशी पाकिटं आधी बाहेर काढा. मोकळी जागा झाली तर मोठा फ्रीझर चालवायची गरज आहे का, हेही लक्षात येईल.

आणि ‘रिकामा फ्रीझर जास्त वीज खातो, पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा’ या सल्ल्याचं काय? वरून उघडणाऱ्या फ्रीझरमध्ये त्याने बिलात जवळजवळ काही फरक पडत नाही, कारण गार हवा जड असते आणि झाकण उघडलं तरी तळाशीच राहते. बाटल्यांचा फायदा वीज गेल्यावर. भरलेला फ्रीझर, झाकण न उघडता, साधारण ४८ तास माल गोठलेला ठेवतो आणि अर्धा भरलेला २४ तास. पावसाळ्यात वीज जाते तिथे एवढ्यासाठी बाटल्या ठेवाव्यात.

रात्री फ्रीझर बंद ठेवून बिल वाचवण्याची युक्तीही सोडून द्या. रात्रभरात आत शिरलेली उष्णता सकाळी कंप्रेसरला बाहेर काढावीच लागते. वाचतं ते नगण्य, आणि माल रोज थोडा नरम होऊन पुन्हा कडक होतो, तो नास वेगळा.

स्टॅबिलायझर: व्होल्टेज खरंच खाली जात असेल तरच लावा. तो स्वतः पाच-दहा वॅट चोवीस तास घेतो, महिन्याला चार ते सात युनिट. खेड्यापाड्यात संध्याकाळी व्होल्टेज पडतं तिथे मात्र तो हवाच, नाहीतर कंप्रेसर सुरू होताना घुमतो, टक्‌ आवाज होऊन ओएलपी (जादा भार आला की कंप्रेसर बंद करणारा संरक्षक स्विच) सुटतो, आणि असं वारंवार झालं की कंप्रेसर बसतो.

दर वर्षी एप्रिल-मेमध्येच वाढत असेल तर

तर तो बिघाड नसण्याची शक्यता जास्त. नागपूर-चंद्रपूरकडे पत्र्याखालच्या खोलीत ४३ अंश झाले की आत-बाहेरचा फरक ६१ अंश होतो. ३२ अंशांच्या तुलनेत भिंतीतून शिरणारी उष्णता २२ टक्क्यांनी जास्त, शिवाय तापलेल्या हवेत उष्णता सोडणं कंप्रेसरला जड जातं. एरवीच्या दीडपट युनिट गेले तरी नवल नाही. फ्रीझरच्या पाटीवर हवामानाचा वर्ग दिलेला असतो: एन म्हणजे बाहेर ३२ अंशांपर्यंत, एसटी म्हणजे ३८ पर्यंत, टी म्हणजे ४३ पर्यंत. विदर्भ-मराठवाड्यात टी वर्गाचाच फ्रीझर घ्यायला हवा. घरातली सगळ्यात गार, उत्तरेकडची किंवा तळमजल्याची खोली त्याला द्या. गच्चीवरच्या शेडपेक्षा ती केव्हाही बरी.

किनाऱ्यावर याच काळात दुसरंही कारण जुळून येतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून मेअखेरीस सुरमई, बांगडा, कोळंबी भरून ठेवली जाते. त्याच महिन्यात आंब्याचा रस. उकाडा, नवा माल आणि सतत उघडणारं झाकण, तिन्ही एकत्र. इथे मागच्या महिन्याशी तुलना करू नका, मागच्या वर्षीच्या मेशी करा. आणि ३१ मेच्या आसपास एकदा बर्फ काढून गॅस्केट धुऊन टाका, पावसाळा सुसह्य जाईल.

फ्रीझर घरगुती उद्योगासाठी असेल तर

फ्रोझन मोदक, पुरणपोळ्या, सोललेले मटार, माशांची पाकिटं असा धंदा घरातूनच चालत असेल तर एक मर्यादा पक्की लक्षात ठेवा. महावितरणच्या दररचनेत, राहत्या घराच्या भागातून व्यवसाय करणाऱ्याला महिन्याला ३०० युनिट आणि आर्थिक वर्षाला ३,६०० युनिटपर्यंत घरगुती दर लागू होतो. वर्षाचा वापर त्याच्यावर गेला की पुढे त्या कामाला लागू असणारा दर लागू शकतो. रोज तीन युनिट खाणारा बिघडलेला फ्रीझर एकटाच वर्षाला १,०९५ युनिट घेतो, धडधाकट असता तर पाचशेच्या आत राहिला असता. ३,६०० च्या कोट्यातले सहाशे युनिट सैल झाकणावर घालवायचे का, ते तुम्ही ठरवा. मालाची किंमत काढतानाही फ्रीझरचा खर्च वरच्या पायरीच्या दरानेच धरा, नाहीतर गणपतीत विक्री भरपूर आणि हातात काही उरत नाही असं होतं.

जुना चालवायचा की बदलायचा

पंधरा वर्षांचा फ्रीझर, सगळं करून झालं, तरी रोजचे ३ युनिट. भिंतीतला फोम ओलसर झाला की त्याला इलाज नाही. बाहेरचा पत्रा ठिकठिकाणी थंड लागतो आणि त्यावर दव जमतं, ही त्याची खूण. नवा त्याच मापाचा १.२ युनिटवाला घेतला तर महिन्याला ५४ युनिट वाचतात. तिसऱ्या पायरीवरच्या घरात ते ९८५ रुपये, दुसऱ्या पायरीवर ७२०, पहिल्या पायरीवर ३७०. नव्याला बावीस हजार मोजले तर तिसऱ्या पायरीवरच्या घरात दोन वर्षांच्या आत वसूल, दुसऱ्या पायरीवर अडीच वर्षांच्या आसपास, पहिल्या पायरीवर पाच वर्षं. पहिल्या पायरीवरच्या घराने माझ्या मते जुनाच चालवावा, कंप्रेसर बसेपर्यंत.

घेताना लिटरमागे किंमत न बघता वर्षाचे युनिट बघा. डीप फ्रीझरसाठी बीईईचं (केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं) स्टार लेबल २०२० मध्ये ऐच्छिक म्हणून सुरू झालं, त्यामुळे त्याआधीच्या जुन्या मशीनवर ते दिसणार नाही. लेबलवर वर्षाचा वापर युनिटमध्ये दिलेला असतो. तो प्रयोगशाळेतला आकडा आहे, घरी थोडा वाढेल असं धरून चाला. त्याला तुमच्या पायरीच्या दराने गुणा, दोन मॉडेलमधला फरक काढा आणि मगच दुकानदाराशी घासाघीस करा. पक्क्या झाकणाचा घ्या, आणि तीनशे लिटरचा मोह होत असेल तर आधी दोनशेचा मे महिन्यात खरोखर काठोकाठ भरतो का ते पाहा.